पंधरा किलोच्या आत

आण्णांनी माझी बॅग पाचव्यांदा ताणकाट्याला अडकवली, चष्मा कपाळावर सारला आणि आकडा वाचला. चौदा किलो नऊशे.

"आता ह्यात टाचणीसुदिक घालायची न्हाय," त्यांनी सगळ्या घराला बजावलं. सगळं घर म्हणजे माझी आई, मी आणि माझी सात महिन्यांची लेक.

माझ्या वडिलांची उभी हयात श्रीपूरला कारखान्याच्या वजनकाट्यावर गेली. उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॉल्या तोलता तोलता ते निवृत्त झाले, आणि तेव्हापासून त्यांच्या हाताला काम नव्हतं. विमानात पंधरा किलोच सामान चालतं हे कळलं, आणि माणूस पुन्हा कामावर रुजू झाल्यासारखा खुलला. माझी प्रत्येक साडी, लेकीचं प्रत्येक दुपटं त्यांनी तोलून घेतलं. बाबागाडी आणि कारसीट तेवढी राहिली. बाळाच्या या सामानाला वजनाची अट नाही असं तिकिटावर लिहिलं होतं, त्यामुळे आण्णांना त्यात रस नव्हता. आईने नेमकी तीच फट हेरली, पण ते पुढे कळलं.

मी तर जमिनीवर नव्हतेच. सोलापूरला कॉलेजात असताना होटगी रोडने जाताना त्या विमानतळाच्या भिंतीकडे बघून आम्ही मैत्रिणी फिदीफिदी हसायचो. विमानतळ होता, विमान तेवढं नव्हतं. आता तिथून मुंबईचं विमान सुटायला लागलं होतं, आणि बाळंतपणाला माहेरी आलेली मी त्याच विमानाने परत निघाले होते. नवरा म्हणाला, मी गाडी घेऊन न्यायला येतो. मी म्हटलं, अजिबात यायचं नाही. बाळ, बाबागाडी, कारसीट आणि मी, आम्ही चौघं येतो.

एवढा तोरा दाखवला खरा, पण मला खरं म्हणजे आई हवी होती सोबत. पुढच्या आठवड्यात मी नोकरीवर रुजू होणार होते. लेकीसाठी पाळणाघर बघून ठेवलं होतं, आणि त्याचा विचार आला की मी लेकीला उगाच जवळ ओढायचे. दिवाळीनंतर एकदा आईला विचारलं, चार महिने येतेस का मुंबईला? ती भांडी विसळत होती. म्हणाली, तुझ्या आण्णांच्या जेवणाचं कोण बघंल, आणि मला तिथं करमायचं न्हाय, आणि त्या विमानात तर मी पाय ठिवायची न्हाय. तीन कारणं एका दमात. मला राग आला. दुसऱ्यांदा विचारलं असतं तर कदाचित हो म्हणाली असती, पण मीही तिचीच मुलगी. विचारलं नाही. तिनेही विषय काढला नाही. दोघी बाळाला तेल लावताना बाळाशीच बोलत राहिलो.

सगळा राग मी तयारीवर काढला. बाबागाडी विमानाच्या पायऱ्यांपर्यंत नेता येते, तिथे मिटून द्यायची असते. म्हणजे एका कडेवर बाळ आणि एका हाताने गाडी मिटायची. मी आठ दिवस अंगणात सराव केला. आण्णा घड्याळ लावून बसायचे. पहिल्या दिवशी गाडी मिटेना, दुसऱ्या दिवशी माझी ओढणी अडकली, मग पायाने खालची दांडी दाबायची युक्ती सापडली आणि वेळ भराभर उतरला. शेजारपाजारच्या बायका कुंपणाशी येऊन बघायच्या. लेक कडेवरून माझे केस ओढत हसायची.

निघायच्या सकाळी आईने कारसीट आपल्या जुन्या लुगड्यात गुंडाळून चांगलं गाठोडं बांधलं. धूळ लागंल म्हणाली. मी म्हटलं, अगं, गाडीत बाळाला तिच्यातच बसवायचं असतं, त्यासाठीच तर घेतलीय. त्यावर तिने लेकीला छातीशी धरलं आणि सोलापूरपर्यंत माझ्या मांडीवर येऊ दे म्हणाली. मला नाही म्हणवलं नाही. गाठोडं आण्णांनी भाड्याच्या गाडीत मागे टाकलं. आख्ख्या रस्त्यात आई खिडकीतून ऊस, केळी, म्हशी दाखवत होती, आणि लेक तिच्या बांगड्या चोखत होती.

विमानतळाच्या दारात तिकीट दाखवून मी आत गेले. ते दोघं काचेबाहेर राहिले. आत सगळं नवंकोरं आणि चकचकीत होतं. माझ्या तोंडावरचं हसू काही केल्या जाईना. ट्रॉलीवर बॅग, वर गाठोडं, पुढे बाबागाडीत लेक. सामान आधी तपासणीच्या यंत्रातून गेलं. गाठोडं आत जाऊन थांबलं. मग मागे आलं. मग पुन्हा आत गेलं.

यंत्रापाशी एक पोलीस बाई होत्या. त्यांनी विचारलं, ह्यात काय आहे? मी म्हटलं, बाळाची कारसीट. आणि सीटमध्ये? काही नाही, मी ठणकावून सांगितलं. त्यांनी पडदा माझ्याकडे फिरवला. सीटच्या बरोबर मधोमध काहीतरी लांबोळकं, काळंभोर, भरीव झोपलेलं दिसत होतं.

गाठी सोडल्या. लुगड्याच्या आत कारसीट, कारसीटमध्ये पट्टे नीट लावून बसवलेला आमच्या घरचा वरवंटा. डोक्याला लेकीची कुंची, कुंचीखाली काजळाचा ठिपका.

बारशाला बाळाच्या आधी वरवंट्याला नटवून पाळण्यात घालायची आमच्याकडची रीत आहे. रिकामा पाळणा हलवायचा नाही, न्यायचा तर नाहीच नाही. पोलीस बाईंनी एकदा वरवंट्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"आईनं घातला व्हय?" त्या म्हणाल्या. "माज्या सासूनं बी असंच केलं आस्तं."

पण नियम तो नियम. सीटच्या गाठोड्यात दुसरं काही चालत नव्हतं, आणि दगड हातात घेऊन विमानात बसू देणं शक्यच नव्हतं. बॅगेत घाला, नाहीतर बाहेर देऊन या. मी बॅग काउंटरच्या काट्यावर ठेवली. चौदा किलो नऊशे, आण्णांच्या आकड्याला आकडा. वरवंटा ठेवला. सतरा किलो तीनशे. काउंटरवरची मुलगी म्हणाली, जास्तीचे पैसे भरून नेता येईल. पण काचेबाहेर आण्णा उभे होते. त्यांच्या काट्याचा अपमान मला करवेना.

मी लेकीला पोलीस बाईंकडे दिलं आणि वरवंटा उचलून दाराकडे तरातरा निघाले. डोकं तापलं होतं. एवढं जपून भरलेलं सामान, विमान सुटायला आलेलं, आणि ही दगड पाठवते. शिपायाने दार उघडलं. आई समोरच होती.

"आई, हे काय आहे?"

"रिकामा पाळणा नेत न्हाईत," ती म्हणाली.

"तो पाळणा नाही. कारसीट आहे ती."

"पोरगी झोपती न्हवं त्यात? मग पाळणाच की."

वरवंटा तिच्या हातात द्यायला पुढे केला, तेव्हा माझा अंगठा त्याच्या एका टोकाला लागला. ते टोक झिजून तिरकं झालं होतं. आई उजवा हात जास्त दाबते, म्हणून. मला वाटलं होतं, पडवीत पडलेला जुना एखादा घातला असेल. हा रोजचा होता. घरात दुसरा नव्हताच. मिक्सर तिने कधी घरात येऊ दिला नाही. उद्या सकाळी मिरची कशावर वाटणार होती ती?

तेच मी विचारलं. "बघू की," आई म्हणाली आणि आभाळात विमान दिसतंय का ते बघायला लागली. विमान तर मागे जमिनीवर उभं होतं.

माझा राग कुठल्या कुठे गेला. येतेस का म्हणून आता विचारावं असं अगदी ओठावर आलं, पण विचारलं नाही. मी वरवंटा घेऊन आत वळले. बॅग उघडली. ऑफिसचे नवे बूट, दोन जाड जीन्स, केस वाळवायचं यंत्र, सगळं बाहेर काढलं. साड्यांच्या घडीत वरवंटा ठेवला, कुंची घातलेलाच. चौदा किलो आठशे. काढलेला ढीग दारात नेऊन आण्णांच्या हातात दिला. त्यांनी बूट सवयीने हातात तोलले.

"किती झालं?" त्यांनी विचारलं.

"पंधराच्या आत," मी म्हटलं. आई बुटांकडे बघत होती. माझ्याकडे नाही.

मग कारसीटचं काय? ती रिकामीच राहिली असती. पोलीस बाईंनी माझ्या पिशवीतला लेकीचा कापडी ससा काढला, सीटमध्ये बसवला आणि यंत्रावरच्या माणसाला म्हणाल्या, हे बाळाचंच हाय, जाऊ द्या. लेक तोपर्यंत त्यांच्या खांद्यावरची दोरी चघळत होती.

पुढचं सगळं मला उत्सवासारखं आठवतं. ऊन पडलं होतं आणि विमान पांढरंशुभ्र चमकत होतं. पायऱ्यांपाशी मी लेकीला डाव्या कडेवर घेतलं, पायाने दांडी दाबली, एका हाताने हिसका दिला आणि बाबागाडी एका दमात मिटली. मागचे एक काका वा म्हणाले. मी वळून कुंपणाकडे बघितलं. एवढ्या लांबून कोण कुठे ते कळत नव्हतं, तरी मी हात हलवला.

विमान धावायला लागलं तसं तिचे कान दुखू नयेत म्हणून मी लेकीला पदराखाली घेतलं. जमीन सुटली. मी चक्क मोठ्याने हसले. खाली पत्रे, रस्ते, मग उसाचे हिरवे चौकोन. लेक दूध सोडून खिडकीकडे बघायला लागली आणि तिने काचेवर तळवा ठेवला. मी तिला म्हटलं, बघ, तुझी आजी त्या तिकडे आहे कुठेतरी. आणि तेव्हा मात्र रडू आलं. शेजारच्या बाईंनी न विचारता रुमाल दिला.

मुंबईला सगळं धड उतरलं, ससासुद्धा. नवऱ्याने घरी बॅग उघडली आणि कुंचीतला वरवंटा बघून तो खालीच बसला. त्याला सगळं सांगण्याआधी मी श्रीपूरला फोन लावला. आण्णांनी उचलला. मागे काहीतरी लोखंडी करकरत होतं.

"आई कुठाय?" मी विचारलं.

"हाय हितंच. तू बूट काडून वरवंटा ठिवलास, तवापासनं तिचं चित्त ठिकाणावर न्हाय. इमान उडल्यावर म्हणती कशी, एवढंच व्हय? बसलं की उडलं." मागची करकर थांबली. "नुसता वरवंटा तितं काय कामाचा गं? पाटा तर हितंच ऱ्हायला."

"मग?"

"मग काय. काट्याला लावलाय. चौदा किलो दोनशे. बसतोय पंधराच्या आत. तिची लुगडी हातातल्या पिशवीत जातील. आन माझं मी बघतो, भाकरी येती की मला थापाय. मला कवा इचारलं कुणी?"

मांडीवर लेक फोनची कड चोखत होती. तिकडे कुणीतरी आण्णांच्या हातातून फोन घेतला, आणि आईचा आवाज अगदी कानाशी आला.

"खिडकीजवळची जागा मिळती का गं?"