मायलेकींचा एकच पेपर

लॉर्ना स्वॉन्सन वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी पुन्हा शाळेत जाऊ लागली, तेव्हा स्कॉटलंडच्या उत्तर टोकावरच्या विक गावात कुणी तिला तोंडावर हसलं नाही. पाठीमागे हसले असतील. ती बंदराजवळच्या वृद्धाश्रमात काम करायची. म्हाताऱ्यांना उठवायचं, न्हाऊ घालायचं, भरवायचं. तिला नर्स व्हायचं होतं. दूर इनव्हर्नेस शहरातल्या कॉलेजात जागा मिळत होती, पण अट एकच होती: शाळेची वरच्या पातळीची इंग्रजीची परीक्षा पास हवी.

ती परीक्षा लॉर्नानं सतराव्या वर्षी दिली होती. म्हणजे द्यायला बसली होती. साहित्यावरचा समीक्षेचा निबंध घरून घोकून नेला होता. पेपर उघडला तर प्रश्न भलताच. अर्धा-पाऊण तास ती कोऱ्या कागदाकडे बघत राहिली, मग उठली आणि चालायला लागली ती थेट मासळीच्या कारखान्यात कामाला लागेपर्यंत थांबली नाही.

आता तिची मुलगी एल्सा त्याच परीक्षेला बसणार होती. त्याच वर्षी, त्याच वर्गात.

"आई, तू शेवटच्या बाकावर बस," एल्सानं पहिल्याच दिवशी बजावलं. "आणि बाईंना प्रश्न विचारायचे नाहीत. आणि मला 'सोन्या' म्हणायचं नाही."

"मग काय म्हणू? स्वॉन्सन मॅडम?"

"काहीच म्हणू नकोस!"

आश्रमातले डोनाल्ड आजोबा रोज सकाळी विचारायचे, "काय गं, दप्तर भरलंस का? डबा घेतलास? मास्तरांनी छडी मारली तर मला सांग हो." लॉर्ना हसायची आणि मनातल्या मनात दिवस मोजायची. पेपर मे महिन्यात होता.

वर्गाला एक नाटक लावलं होतं. बेटावर राहणाऱ्या दोन बहिणी, आत अंथरुणाला खिळलेला बाप. थोरलीला घर विकून निघून जायचंय, धाकटीला राहायचंय. शेवटी बाप जातो, धाकटी निघून जाते, आणि राहते ती थोरलीच, एकटी. ड्युरंड बाई शिकवायला करड्या होत्या. लॉर्नाहून दहा वर्षांनी लहान, पण वर्गात वयाचा मुलाहिजा नाही.

"लॉर्ना, हे काय लिहिलंयत?"

"निबंध, बाई."

"ही गोष्ट आहे. पुढे काय झालं, मग काय झालं. गोष्ट मला ठाऊक आहे हो, पेपर तपासणाऱ्यालाही ठाऊक असते. प्रश्नानं काय विचारलंय ते सांगा. आधी प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात. मग त्या वाक्याला टेकू देणाऱ्या दोन-तीन जागा नाटकातून शोधा. लेखकानं तिथं काय युक्ती केलीय ते बघा. हे सगळं ठरल्याशिवाय पेन चालवायचंच नाही."

"पण वेळ जातो ना त्यात."

"जाऊ दे. आराखड्याशिवाय लिहायला बसलात तर सगळाच वेळ जाईल."

लॉर्ना घरी नवऱ्याच्या आणि एल्साच्या जेवणाचे किमा-बटाटे शिजत असताना आराखडे करायची, खोडायची, पुन्हा करायची. एल्सा मात्र मजेत होती. तिनं थोरल्या बहिणीच्या शोकांतिकेवर एक झकास निबंध लिहून ठेवला होता. बाईंनी त्याला चांगले गुण दिले होते. तोच ती आंघोळ करताना, केस विंचरताना म्हणत बसायची.

"एल्सा, पाठ करू नकोस गं," लॉर्ना एकदा म्हणाली. "प्रश्न दुसराच आला तर?"

"थोरलीवर प्रश्न येणारच. दर वर्षी येतो."

"मलाही असंच वाटलं होतं."

"तू पळून आलीस, आई. मी नाही पळणार." एल्सा बोलून गेली आणि मग आपलंच बोलणं लागल्यासारखी ताटं उचलायला उठली.

पेपरच्या दिवशी समुद्रावरून धुकं आलं होतं. हॉलमध्ये बाकं लांब लांब मांडलेली. एल्सा लॉर्नाच्या दोन बाकं पुढे, थोडी डावीकडे. तिची मान आणि वर बांधलेले केस लॉर्नाला नीट दिसत होते. पर्यवेक्षक रबरी तळव्यांचे बूट घालून आवाज न करता फिरत होते. घड्याळ सुरू झालं. लॉर्नानं आधी उताऱ्यावरचे प्रश्न उरकले आणि मग निबंधाचं पान उघडलं.

नाटकावर दोनच प्रश्न होते. एक विनोदी प्रसंगांवर, आणि त्या नाटकात हसण्यासारखं काडीचंही नव्हतं. दुसरा असा: ज्यात एखादं दुय्यम पात्र महत्त्वाचं ठरतं असं नाटक निवडा आणि ते पात्र नाटकाचा मूळ विषय कसा उजळ करतं ते दाखवा.

थोरली दुय्यम नव्हती. धाकटीही नव्हती. दार डाव्या हाताला होतं. कसं उठायचं ते पायांना अजून आठवत होतं. तिनं खुर्ची घट्ट धरली.

मग तिनं पुढे पाहिलं. एल्सा लिहीत नव्हती. पेन बोटांत होतं, खांदे कानांपर्यंत आलेले. लहानपणी ताप चढला की ती अशीच बसायची. लॉर्नाला वाटलं, खोकावं. काहीतरी करावं. एक शब्द जरी बोलले तरी दोघींचे पेपर गेले, हे तिला पुरतं ठाऊक होतं.

एल्सानं हात वर केला. तिला बाथरूमला जायचं होतं. पर्यवेक्षकाबरोबर ती बाकांमधून आली, लॉर्नाच्या अगदी जवळून. तिचे डोळे आईला शोधत होते. लॉर्नानं मान खाली घातली. तिच्या आयुष्यात इतकी जड मान कधी झाली नव्हती.

आणि खाली, प्रश्नाकडेच बघत असताना, तिला नाटकातला नावाडी आठवला. तो तीनदा दारात येतो आणि तीनदा एकच विचारतो, "कुणी येणार आहे का?" पहिल्यांदा थोरली म्हणते, पुढच्या आठवड्यात. दुसऱ्यांदा म्हणते, बाबा बरे झाले की. तिसऱ्यांदा ती काहीच म्हणत नाही, आणि धाकटी पेटी उचलते. लॉर्नानं कोपऱ्यात लिहिलं: नावाडी म्हणजे निघून जाण्याची वेळ. खाली तीन जागा. प्रत्येकीपुढे: तेच वाक्य, पण उत्तर आखडत जातं. कागदावर एवढंच होतं. तिनं लिहायला सुरुवात केली आणि शेवटचा परिच्छेद निम्मा राहिला असताना पेपर काढून घेतले.

बाहेर धुक्यात एल्सा भिंतीला टेकून उभी होती.

"तू माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस."

"बघितलं असतं तर मी पुढे लिहूच शकले नसते."

"मी थोरलीवरचाच निबंध लिहून टाकला. सगळा. शेवटी तो आजारी बाप चिकटवला." तिचा आवाज चिरकला. "तू कुणावर लिहिलंस?"

लॉर्नानं सांगितलं. एल्सानं डोळे मिटले. "तो होता की! तीनदा येतो की तो, मेला!" मग ती रडली, आणि वर्गातल्या मुली बघत असतानाही आईच्या कोटात तोंड खुपसून रडली.

ऑगस्टमध्ये निकाल मोबाईलवर आला. लॉर्ना काठावर, पण पास. एल्सा नापास. दोन दिवस घरात भांडीसुद्धा हळू वाजत होती. तिसऱ्या दिवशी लॉर्ना म्हणाली, "मी कॉलेजला कळवते, पुढच्या वर्षी येते म्हणून. तुझी परीक्षा होऊ दे."

एल्सा टोस्टवर लोणी फासत होती. तिनं सुरी खाली ठेवली.

"खबरदार! माझ्यामुळे राहिलीस ना, तर जन्मभर ऐकवशील मला. आजीसारखी. तू जा. मी बाबांबरोबर राहीन, त्यांना अंडं उकडायला शिकवीन."

"आणि अभ्यास?"

"माझा मी करीन. आराखडा-बिराखडा करून," ती म्हणाली. "फक्त रोज फोन करून विचारू नकोस."

लॉर्ना गेली. पहिल्या महिन्यात तिनं रोज फोन केला. एल्सा कधी उचलायची, कधी नाही. पुढच्या वर्षी एल्सा चांगल्या गुणांनी पास झाली, तीही कवितेवर लिहून. त्या नाटकाचं नाव त्या घरात अजून कुणी काढत नाही.