धुळीवरचं पाणी

भूमकडच्या आमच्या माळावर पवनचक्क्या उभ्या राहायला लागल्या, तेव्हा आमची खव्याची भट्टी ऐन रस्त्याकडेला होती. रस्ता कच्चा. पवनचक्कीचं पातं घेऊन लांबलचक गाडी गेली की धुळीचा लोट थेट कढईत उतरायचा. पेढेवाल्यानं खवा तोंडात टाकला, दाताखाली कचकच लागली आणि माल परत पाठवला. असंच चाललं असतं तर भट्टी विझवायची पाळी आली असती.

ग्रामसभेत मी कंपनीच्या साहेबांवर असा तुटून पडलो की माझं मलाच कौतुक वाटलं. साहेब भला माणूस. काम संपेपर्यंत रोज टँकरनं रस्त्यावर पाणी मारायचं त्यांनी कबूल केलं.

टँकर आला तो ऐन चैत्रात. आमच्याकडं टँकरचा भोंगा वाजला की माणूस विचार करत नाही, घागर उचलतो. मी भट्टीवरून बाहेर येईपर्यंत टँकरला गराडा पडला होता आणि सगळ्यात पुढं माझी आई.

"आई, हे पाणी रस्त्यासाठी आहे."

"रस्त्याला तहान लागती व्हय?"

"मावशी, माझी नोकरी जाईल की," ड्रायव्हर रडकुंडीला आला.

रस्ता कोरडाच राहिला. संध्याकाळी कढईत पुन्हा धूळ. मी आईवर जाम चिडलो.

"चिडतोस कशाला? पाणी आधी घरात, मग रस्त्यावर," ती म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून गावाचं धुणं, भांडी, आमच्या म्हशींची आंघोळ, सगळं रस्त्यावर. रस्ता ओलागच्च. पात्याची गाडी म्हशींमागं मुकाट रांगायची. साहेबांनी येऊन पाहिलं आणि ड्रायव्हरची पाठ थोपटली. खवा पुन्हा पांढराशुभ्र निघू लागला.

काम संपलं, टँकर बंद झाला. पुढच्या उन्हाळ्यात नव्या पवनचक्क्यांसाठी सभा भरली. साहेब माझ्याकडं बघून हसले. "या वेळी तुम्हाला धुळीचा त्रास नाही. आधी डांबरी रस्ता, मगच काम."

मी टाळी वाजवणार, तोच आई उभी राहिली.

"डांबराला आमची हरकत हाय."

सगळ्या बायकांचे हात वर गेले. साहेब मदतीच्या आशेनं माझ्याकडं बघत राहिले. मला घरातल्या रिकाम्या घागरी आठवल्या. मीही हात वर केला.