बाथरूमची कडी आणि सिसिलिया

मैत्रिणींनो, आज सकाळी मी माझ्याच बाथरूममध्ये अडकले. कडी काही केल्या सरकेना. घाम फुटला!

हे गेल्यापासून माणिकपूरच्या फ्लॅटमध्ये मी एकटीच होते. गेल्या महिन्यात सिसिलिया राहायला आली. निवृत्त नर्स, तीही एकटीच. एक खोली तिची, एक माझी, स्वयंपाकघर दोघींचं. मुलगा तेव्हा म्हणाला होता, "आई, या वयात परकी बाई घरात?"

माझी हाक ऐकून तीच धावत आली. "घाबरू नको गं! सुताराला फोन करते. तोवर सांग, तुझ्या वालाच्या बिरड्यात गूळ किती घालू?"

सुतार येईपर्यंत मी आतून बिरडं शिकवत होते आणि आम्ही दोघी हसत होतो.

बिरडं जरा गोडच झालं. दोघींनी चाटूनपुसून खाल्लं.

तुमच्यापैकी कुणी अशी मैत्रीण घरात घेतलीय का?