वाऱ्याची बाही

पडदा वर जातो. सकाळची वेळ. तिसऱ्या मजल्यावरची खोली, खिडकीला लागून पलंग, पायथ्याशी झाकून ठेवलेलं शिलाई मशीन. खिडकीबाहेर लांबच लांब काळी पट्टी आणि तिच्यावर पाय मोकळे करायला आलेली माणसं. इथे कधीकाळी विमानं उतरायची, हे त्यातल्या निम्म्यांच्या गावीही नसतं.

आधी इथे गावाबाहेरचा नुसता माळ होता. मग धावपट्टी आली, गोल काचेची इमारत आली आणि त्यांच्यामागोमाग शहरच चालत आलं. घरं इतकी खेटली की विमान डोक्यावरून गेलं की दोरीवरचे कपडे टाळ्या वाजवायचे. पुढे विमानं मोठी झाली, पट्टी तोकडी पडली आणि सगळा बाडबिस्तरा लांब नव्या जागी हलला. काचेच्या इमारतीत वाचनालय आलं. मागे राहिला एक खांब आणि त्यावर नारिंगी चिंधी.

ती चिंधी या खोलीतल्या काकूंची. वारा कुठून कुठे वाहतोय ते वैमानिकाला दिसावं म्हणून खांबावर कापडाची नळी लावतात. इथे सगळे तिला बाही म्हणत. काकू विमानतळाच्या शिवणखोलीत खुर्च्यांचे अभ्रे शिवायच्या, पण जीव बाहीवर. जुनी उन्हानं विटली की नवी त्यांनीच शिवायची आणि ती खांबावर चढवायची ठोकळेकाकांनी. काकांचं मूळ काम विमानांच्या चाकांखाली लाकडी ठोकळे सरकवायचं. बाही देता-घेताच दोघांचं जमलं.

"एवढाली विमानं अडवता," काकू म्हणायच्या, "आणि घरात मांजर अडवता येत नाही तुम्हाला."

आता काकू अंथरुणाला खिळल्या होत्या, नजर अधू झाली होती. त्यात बातमी आली, खांब पाडणार. काकूंनी एकच हट्ट धरला: खांब उघडा जाता कामा नये. उशीला टेकून, चाचपडत, हातानं टाके घालत त्यांनी नवी बाही पुरी केली.

काकांनी घडी उलगडली. बाहीची दोन्ही तोंडं मोकळी हवीत. काकूंच्या हातांनी जुन्या सवयीनं अरुंद टोक अभ्र्यासारखं बंद करून टाकलं होतं. सांगायला काकांची जीभ रेटेना. त्यांनी ती तशीच नेली आणि दोरीनं वर चढवली.

परत आले तर काकू खिडकीकडे बघत होत्या. तिकडे त्यांना दिसत होता फक्त एक अंधूक, फुगीर नारिंगी डाग.

"अहो, शेपूट का हलत नाही?"

"वारा पडलाय गं."

"वारा पडला, मग पोट कशानं फुगलं? टोक शिवून टाकलं ना मी?"

काका नखं बघू लागले.

"खोटं बोलताना नखं बघता तुम्ही. माझी कात्री घ्या. अडवायची खोड तुमची, लागली मला."

काका गेले. बाही उतरवली, टोक उसवलं, पुन्हा चढवली. वारा आरपार गेला आणि बाही झोपेत कूस बदलावी तशी सावकाश आडवी झाली. पट्टीच्या टोकाशी काहीतरी चंदेरी अलगद उतरतंय असं काकांना क्षणभर वाटलं आणि हात आपसूक ठोकळा शोधू लागला.

त्या दुपारी काकू झोपल्या त्या उठल्याच नाहीत. त्याआधी, ऊन तोंडावर येतंय म्हणून काका खिडकीचा पडदा ओढायला गेले होते. तेव्हाचं काकूंचं बोलणं काका अजून तसंच्या तसं, काकूंच्याच आवाजात सांगतात:

"राहू द्या हो पडदा. हलतंय आता. मी बघत पडते."