डासाची थुंकी आणि आमचे मावसाजी

विदर्भ नुकताच महाराष्ट्रात आला होता त्या काळी साऱ्या बुलडाणा जिल्ह्यात डासांशी वैयक्तिक वैर असलेला माणूस एकच होता, आणि तो माझ्या मावशीचा नवरा होता. त्यांच्या गावात, वरवट बकालात, डासांचा त्रास सगळ्यांनाच होई. अपमान मात्र फक्त आमच्या मावसाजींचा होई. याला कारण शेगावचे एक डॉक्टर. मावसाजी त्यांच्याकडे तापाचं औषध आणायला गेले असताना डॉक्टरांनी सहज सांगितलं, की डास रक्त पिण्याआधी आपली लाळ आपल्या अंगात सोडतो आणि रोगाचे जंतू त्या लाळेबरोबर येतात. मावसाजी औषध तिथंच विसरून घरी आले. "चावला तं चावला, त्यालेबी पोट हाय," ते ओसरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले, "पन थुकते म्हंजे काय? माह्याच घरात, माह्याच अंगावर थुकते?"

त्याच दिवशी त्यांनी तंबाखू सोडली. ज्या तोंडानं डासाला नावं ठेवायची त्या तोंडानं पिचकारी कशी मारायची, असा त्यांचा सवाल होता. तंबाखू सुटावी म्हणून मावशीनं किती सोमवार केले होते. श्रेय डासाला गेलं. मग त्यांनी या थुंकीचं एक शास्त्रच बनवलं. ते म्हणत, थुंकी म्हणजे सोयरिकीतला मधला माणूस. "रोग एकटा आला तं रक्तातले चौकीदार त्याले दारातच धरतीन. म्हनून थुकी पुढं येते. कातडीले गुंगी देते, रक्त गोठू देत नाई, चौकीदारायले भलतीकडंच धाडते. तवर रोग माजघरात पाय पसरून बसला!" यातलं डॉक्टरांचं किती आणि मावसाजींच्या पदरचं किती, कोण जाणे. पाहुणा हात खाजवायला लागला की थुंकी आणखी आत जिरेल म्हणून ते त्याचा हात धरत. संध्याकाळ झाली की ओसरीवरच्या बाजेला मच्छरदाणी लावून आत बसत, आणि चहाची कपबशीसुद्धा मच्छरदाणी जराशी उचलून आत घेत. एकदा ग्रामपंचायतीच्या सभेत त्यांनी भाषण चालू असताना पुढं बसलेल्या सरपंचाच्या मानेवर सणसणीत चापट मारली. मावसाजी शांतपणे तळहात दाखवत म्हणाले, "तुमचा अपमान होऊन राह्यला होता, मी थांबवला." यानंतर सभेत त्यांच्या पुढच्या रांगेत कोणी बसत नसे.

अशा माणसाला फवारणीवाले म्हणजे देवदूतच. ते गावात आले तेव्हा मावसाजी स्वतः त्यांना घरभर घेऊन फिरले. डास भिंतीवर टेकला की त्या औषधानं मरतो हे कळल्यावर त्यांनी एकही कोपरा सुटू दिला नाही, देवघराचीसुद्धा भिंत फवारून घेतली. महालक्ष्म्या तोंडावर आल्या होत्या. भिंतींवर पांढुरके ओघळ, घरभर वास. अशा घरात महालक्ष्म्या बसवायच्या कशा? मावसाजी शेतात गेलेले पाहून मावशीनं पांढरी माती कालवली आणि सगळ्या भिंतींना पोतारा करून टाकला. औषध मातीखाली गेलं. मावसाजी परतले आणि त्या शुभ्र भिंतींवरून हात फिरवत घरभर हिंडले. मग एवढंच म्हणाले, "मच्छरायच्या घरी दिवाई झाली."

महालक्ष्म्या उठल्या आणि मावशीला ताप चढला. हाडमोड्या ताप, कूस बदलताना ओरडायची. शेगावचे ते डॉक्टर येऊन गेले आणि आता आपल्या हाती फारसं नाही, असं दाराबाहेर सांगून गेले. मी बघायला गेलो, तर मावसाजी तिच्या बाजेशी बसलेले. मच्छरदाणीत जीव घुसमटतो म्हणून तिनं ती काढायला लावली होती. मावसाजींनी धोतर गुडघ्यापर्यंत वर घेतलं होतं, बंडी काढून ठेवली होती, आणि दोन्ही पायांवर डास बसले होते. ते एकही मारत नव्हते.

"मावसाजी, थुकून राह्यले ना थे!" मी म्हणालो.

"थुकू दे," ते म्हणाले. "मी उघडा हाओ तवर तिच्याकडं काऊन जातीन?"

मावशीनं डोळे उघडले. "माह्याच हातानं पोतारा केला," ती म्हणाली, "म्याच बलावलं थे दुखनं." आता हा माणूस काय बोलतो, म्हणून मी धसकलो. मावसाजींनी तिच्या कपाळावरची पट्टी बदलली आणि म्हणाले, "पोतारा चांगला झाला होता. महालक्ष्म्या कशा उठून दिसत होत्या."

मावशी वाचली. तो ताप मग मावसाजींनाही आला, आणि पुढं पुष्कळ दिवस दोघं भिंत धरधरून त्याच घरात फिरत होती. पोताऱ्याचा विषय मात्र मावसाजींच्या तोंडून पुन्हा कधी निघाला नाही.

मावसाजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. मागं वरवटला गेलो तेव्हा संध्याकाळी मावशीजवळ ओसरीवर बसलो होतो. तिच्या मनगटावर डास बसला. मी हात उचलला, तर तिनं मान हलवून थांबवलं, आणि हलकेच फुंकर मारून त्याला उडवलं. "जाय बापा," ती म्हणाली, "थे असते तं वाचला नसता तू." मला त्या वेळी मावसाजींची फार आठवण आली. मावशी मनगट तसंच पुढं धरून बसली होती.