तिसरा नट

आधीच सांगतो, भुताखेतांच्या अनुभवांच्या या समूहावर मी यायचो ते हसायलाच. आम्ही बौद्ध. भूतबाधा, उतारा, नजर असलं काही कोणी घरात बोललं तरी बाबा ताटावरून उठायचे. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटून राहिली... पण बायको आणि मुलगी, दोघी साक्षीला आहेत.

आम्ही रायपूरला तात्यापाऱ्यात राहतो. बाबा रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते. तिथल्या आवाजानं हळूहळू कान गेले, दोन वर्षांपासून तर काहीच ऐकू येत नाही. काही सांगायचं तर वहीत लिहून दाखवावं लागतं.

मागच्या फेब्रुवारीतला रविवार. प्रज्ञाच्या, म्हणजे बायकोच्या, बहिणीकडे धमतरीला जेवायला जायचं होतं. सकाळी पाहतो तर गाडीचं मागचं डावं चाक बसलेलं. स्टेपनी लावायला घेतली. उशीर झालेला, डोकं तापलेलं. गाडी जॅकवर असतानाच चारही नट ओळीनं आवळले, पान्यावर पाय देऊन दोन झटके मारले, गाडी खाली घेतली आणि झालं म्हटलं.

बाबा पायरीवरून पाहत होते. आपली जुनी हातोडी घेऊन आले. "चाक टेकल्यावर पुन्हा आवळ. समोरासमोरचे आवळ. अन् मले ठोकून पाहू दे." कारखान्यात ते असंच तपासायचे. नटावर हातोडी मारायची. टणकन वाजला तर पक्का, बसका वाजला तर ढिला. सुरुवात हवा भरायच्या व्हॉल्वजवळच्या नटापासून.

मी वहीसुद्धा घेतली नाही. कानाकडे बोट दाखवलं आणि म्हणालो, "ऐकू तं येत नाही, मंग ठोकून काय ऐकता?" शब्द नाही, पण बोट समजलं त्यांना. हातोडी घेऊन बाजूला झाले. पंक्चर चाक अंगणातच टाकून आम्ही निघालो.

अभनपूरच्या पुढे मैत्रीला, आमच्या दहा वर्षांच्या पोट्टीला, मळमळायला लागलं म्हणून झाडाखाली थांबलो. इंजिन बंद केलं. भर दुपार. तिघंही आतच बसलेलो, ती पाणी पीत होती.

टण... टण... थप.

मागून, डाव्या बाजूनं. मी उतरलो. कोणी नाही. दोन्हीकडे कापणी झालेली मोकळी शेतं, लपायला जागाच नाही. गरम लोखंड थंड होताना वाजतं, असं म्हणून परत बसलो.

टण... टण... थप.

"पापा, कौन ठोक रहा है?" मैत्रीनं विचारलं. "दो बार अच्छा बजता है, तीसरा खराब." आता माझ्या अंगावर काटा आला. तिला हातोडीचं कधी कोणी सांगितलंच नव्हतं. तिसऱ्यांदा तेच झालं तेव्हा प्रज्ञानं माझा दंड धरला. "अहो, उतरा. बाबा म्हणत होते ते करा."

व्हॉल्वपासून मोजलं. पहिला ठीक. दुसरा ठीक. तिसरा... नुसत्या बोटांनी फिरला. चौथाही सैल. थांबायच्या आधी मी ऐंशीनं चालवत होतो, आणि त्या चाकाच्या वरच्या सीटवर माझी पोरगी बसली होती. मी तिथंच खाली बसलो.

मग चारही नट समोरासमोरचे आवळले, पान्यानं, पण पाय न देता. घाम पुसून घरी फोन लावला. मी काही बोलायच्या आधी आईच सुरू झाली, "तुह्या बाबानं डोकं उठवलं बाप्पा. त्या पंक्चर चाकावर हात ठेवून नटाच्या भोकाभोकापाशी हातोडी मारून राहिले. तिसऱ्यापाशी थांबतात, मान हलवतात, मंग पुन्हा पहिल्यापासून."

"अजून ठोकून राहिले?"

"नाही. आत्ताच न थांबता चारही ठोकले अन् आत जाऊन पडले."

संध्याकाळी परतल्यावर वहीत लिहिलं, "बाबा, चुकलो. तुम्हाला कसं कळलं?" त्यांनी चष्मा लावून वाचलं. मला गाडीपाशी नेलं, माझा डावा तळवा रिमवर ठेवला आणि नटावर हातोडी मारली. तळव्यात बारीक, कडक थरथर लागली. म्हणजे बाबा हातानं ऐकत होते, आणि मी त्यांना कान दाखवला होता. मला तिथंच रडू आलं.

पण हे झालं समोरच्या चाकाचं. अंगणातल्या सुट्या चाकावर हात ठेवून तीस-पस्तीस किलोमीटरवरचा ढिला नट त्यांना कसा कळला? आणि तो ठोका आम्हा तिघांना कसा ऐकू आला? बाबांना पुन्हा एकदा लिहून विचारलं, तर वही मिटून माझ्या हातात दिली.

"मी तं फक्त ठोकलं," ते म्हणाले. "ऐकलं तं तूच."