तिसरं शील

कापसाच्या जिनात काम करणारा माणूस घरी आला की आधी अंगणात उभा राहून कपडे झटकतो. तरी रुई राहतेच. कानात, भुवईत, सदऱ्याच्या शिवणीत. किश्श्यांचंही तसंच आहे. अकोल्याच्या एका जिनात मी बरीच वर्षं कापसाच्या गठाणी बांधल्या. मी फार बोलणारा माणूस नाही, म्हणून लोक माझ्याजवळ बसून बोलायचे. त्यातलं पुष्कळ झटकलं गेलं, थोडं अजून अंगावर आहे.

त्यात जास्त संपतचं. संपत माझा जोडीदार, मोर्शीकडचा. गावाकडे त्याची लग्नाची बायको होती, गया. ती दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जायची. इकडे हंगामात तो सखूबरोबर राहायचा. सखू विधवा, आमच्याच जिनात कापसातली घाण वेचायची. झोपडी संपतची, चूल सखूची. सखूला त्या झोपडीशिवाय दुसरीकडे जागा नव्हती. हे सगळ्यांना ठाऊक होतं. गयालासुद्धा.

*

छप्पन साली संपत आणि मी नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलो. पंचशील पाठ केलं. पाली आम्हाला कुठून कळणार! पण तिसऱ्या शीलात 'कामेसु' हा शब्द आला, तेव्हा आम्ही दोघंही खूश झालो. एवढं तरी कळलं. काम म्हणजे काम! म्हणजे कामात खोटेपणा करायचा नाही.

संपतनं ते फार मनावर घेतलं. गठाणीत ओला कापूस जाऊ देईना. विडी ओढायला बाहेर पडेना. मुकादमानं एकदा विचारलं, "संपत, तुले झालं तरी काय?"

"तिसरं शील पाळून राहिलो, मुकादम."

"हे सगळ्याइले शिकव बाप्पा!" मुकादम म्हणाला.

*

मुकादम स्वतः मोठा भक्त. दर सोमवारी कडक उपास, कपाळभर भस्म. बाकीच्या दिवशी तो बायांच्या रांगेतून निघाला की त्याचा हात कुणाच्या पाठीला, कुणाच्या कमरेला लागायचा. बोलायची सोय नव्हती. बोललं की दुसऱ्या दिवशी काम नाही. सोमवारी मात्र तोच हात पाठीमागे बांधलेला असायचा.

एका सोमवारी बाया मोकळ्या हसत होत्या. मी विचारलं, "काय व सखू, आज सण हाय का?"

"महादेवाचा वार हाय भाऊ!" सखू म्हणाली. "त्यानं बाकीचेबी सहा वार घेऊन टाकावं. मंग आमी रोज हसू."

मी हसलो. त्या दिवसानंतर तो किस्सा मी कुणाला हसत सांगितला नाही.

*

पुढच्या हंगामात वस्तीत एक गुरुजी पौर्णिमेला यायला लागले. भला माणूस. एकेक शील फोड करून सांगायचे. तिसऱ्यापाशी आले आणि म्हणाले, "इथे काम म्हणजे मजुरी नव्हे. शरीराची वासना. आपली बायको सोडून दुसरीकडे जायचं नाही, असा याचा अर्थ."

संपत माझ्या शेजारी बसला होता. त्याची मान खाली गेली ती वर आलीच नाही. घरी येताना एवढंच बोलला, "रोज म्हणत होतो रे मी ते. तिच्यासमोर बसून म्हणत होतो."

सखूला जा म्हणणं त्याच्यानं होईना. शील मोडणंही होईना. तो जिनाच्या गोदामात सरकीच्या पोत्यांवर झोपायला लागला. सखूनं आपलं बोचकं बांधून दाराशी ठेवलं.

"जा म्हण, जातो मी," ती त्याला म्हणायची. "पण असं अर्ध्यात ठेवू नको."

तो घोंगडी उचलून गोदामाकडे निघायचा.

*

गठाणी दाबायच्या प्रेसवर किसनराव होता. त्यानं सल्ला दिला, "लेका, एवढं काय त्यात? प्रायश्चित्त घे अन् ठेव दोघीले!"

"आमच्यात आता प्रायश्चित्त नाई, भाऊ," संपत म्हणाला.

किसनराव स्वतः चातुर्मास पाळायचा. चार महिने कांदा बंद, वांगं बंद आणि बायकोची खाट वेगळी. एका वर्षी नेमका अधिक महिना आला आणि चाराचे पाच झाले. तो भटजींकडे गेला. म्हणाला, "महाराज, अधिकात सूट असते का?" महाराज म्हणाले, "छे! अधिकात तर पुण्य दुप्पट!"

पडल्या चेहऱ्यानं घरी येऊन त्यानं बायकोला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, "देवाले म्हणा, पुढच्या वर्षीबी अधिक येऊ द्या. लग्न झाल्यापासून एवढी झोप लागली नवती!"

हे किसनरावानंच आम्हाला हसत सांगितलं. आम्हीही हसलो. संपत तेवढा हसला नाही. त्यानं विचारलं, "मंग पुढं तिले इचारलं का कधी?"

किसनराव उठून प्रेसकडे गेला.

*

गठाणी तोलायला रहीमचाचा होते. रमजान सुरू झाला की ते काट्यावर बायांकडे पाठ करून बसायचे. सखूला वाटलं, आता चाचांनीही तोंड फिरवलं. ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"चाचा, तुमीबी माह्याकडे पाहून नाई राहिले. म्या काय केलं?"

चाचांनी नजर जमिनीवरच ठेवली. "तूने कुछ नही किया, बेटी. पोटाचा रोजा सोपा असते, नजरेचा जड असते. माही नजर म्हातारी झाली, पण मेली नाई ना अजून!"

सखू तोंडाला पदर लावून हसली. संपत जवळच गठाण लोटत होता. चाचा त्याच्याकडे न पाहता म्हणाले, "संपत, रोजा तू रखता है. भूखी वो क्यों रहे?"

*

हे सगळं कुणीतरी गावाकडे कळवलं असावं. एका दुपारी गया एस.टी.नं आली. डोक्यावर बोचकं, कपाळावर घाम. आधी गोदामात गेली. पोत्यांवर अंथरलेली घोंगडी पाहिली. "बरं," म्हणाली, आणि सरळ झोपडीकडे निघाली. आम्ही हातातलं काम सोडून कान देऊन बसलो. आता भांडण ऐकू येणार!

काही ऐकू आलं नाही. संध्याकाळी झोपडीतून धूर निघाला. संपतसाठी एकच डबा आला. त्यात भाकर कुणाची आणि भाजी कुणाची, त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. विचारायची हिंमत नव्हती.

पौर्णिमेला दोघी पांढरी लुगडी नेसून वस्तीत आल्या आणि एकीला लागून एक बसल्या. पंचशील सुरू झालं. तिसरं शील गया खणखणीत म्हणाली. सखूचे नुसते ओठ हलले. संपतचे तेही हलले नाहीत.

झाल्यावर गुरुजींची नजर दोघींवर गेली. त्यांना काही माहीत नव्हतं. अगदी आपुलकीनं त्यांनी विचारलं, "संपतराव, या दोघी कोण आपल्या?"

संपत सदऱ्याच्या शिवणीतली रुई वेचायला लागला. सखू पदर सावरून उठायला लागली. गयानं तिचं मनगट धरलं आणि तिला खाली बसवलं.

"गुरुजी, मी याची," गया म्हणाली. "अन् ही माही."